ऑर्लिनच्या डाव्या बाजूला

ग्रॅनाइट लेक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे डाव ऑर्लिन हॅल्वर्सनच्या हातांतून जायचे. एरवी तो संघाचं सामान सांभाळणारा माणूस. शिरस्त्राणांचे पट्टे बदल, जर्सी धुऊन वाळत घाल, बुटांचे खिळे ठोक, असली कामं. पण शनिवारी सामना असला की तो मैदानाच्या कडेला उभा राही. कोच वरच्या काचेच्या खोलीतून त्याच्या कानातल्या फोनवर पुढचा डाव सांगे, आणि ऑर्लिन तो हातांनी मैदानातल्या पोरांना कळवी. गालावर दोन बोटं, छातीवर मूठ, कपाळावरून फिरवलेला पंजा. तेवीस वर्षं हे चाललं होतं, आणि त्या खुणा आजवर कुणाच्या बापाला उलगडल्या नव्हत्या.

उलगडणार कशा? त्या त्याने रचलेल्या नव्हत्याच. त्याचा थोरला भाऊ व्हर्न जन्माचा बहिरा. शेतावरच्या घरात दोघा भावांनी आपापसात हातांची एक बोली केली होती. गालावर दोन बोटं म्हणजे आई. छातीवर मूठ म्हणजे धान्याचं कोठार. व्हर्न एकोणिसाव्या वर्षी तळ्यात बुडाला, तेव्हा ती बोलणारा जगात ऑर्लिन एकटा उरला. पुढे संघाला खुणा हव्या होत्या, तेव्हा त्याने त्याच दिल्या. कोठार म्हणजे डावीकडून पळा, आई म्हणजे लांब फेका. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला, आर्डिसलासुद्धा नाही.

त्या ऑक्टोबरात वेबस्टन कॉलेजचा संघ आला आणि पहिल्या डावापासून काहीतरी भलतंच घडायला लागलं. ऑर्लिनचा हात वर जायचा अवकाश, वेबस्टनची पोरं डाव सुरू होण्याआधीच नेमकी तिकडे सरकून उभी. डावीकडे तर डावीकडे, लांब तर लांब. आपला एक धिप्पाड पोरगा धापा टाकत कडेला आला आणि म्हणाला, "म्हातारबा, ते समोरचे मला माझाच डाव सांगताहेत. नावासकट!"

एक्केचाळीस विरुद्ध तीन. असा मार या मैदानावर कुणी खाल्ला नव्हता.

सोमवारी कोच रँडलने त्याला बोलावलं. कोच वयाने पंचवीस वर्षांनी लहान, त्यामुळे बोलताना नजर टेबलावर.

"ऑर्लिन, तुम्हाला विचारायला जिवावर येतंय. खुणांची वही कुणाला दाखवली होती का?"

"वहीच नाहीये."

"मग कुणाला बोललात? दोन बियर झाल्यावर, सहज?"

"कोच, मी दोन बियर झाल्यावर घोरतो. बोलत नाही."

कोच हसला नाही. "लोक बोलताहेत, एवढंच सांगतो."

लोक बोलतच होते. किराणा दुकानात कुणीतरी मागून म्हणालं, "काय ऑर्लिन, वेबस्टनवाल्यांनी नवी गाडी दिली की जुनीच?" चर्चमधल्या कॉफीच्या वेळी त्याच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आर्डिसने त्या रागारागाने उचलून भिंतीशी नेऊन ठेवल्या.

पुढच्या रविवारी दुपारी, पोटात आर्डिसचं मांस-बटाट्यांचं हॉटडिश घेऊन, तो कॉलेजच्या चित्रफितींच्या खोलीत जाऊन बसला. मैदानापलीकडून घेतलेल्या फितीत तो स्वतः दिसे. मैदानाच्या या बाजूने घेतलेल्या फितीत समोरची, पाहुण्यांची गॅलरी. दोन्ही फिती शेजारी शेजारी लावून त्याने एकदम सुरू केल्या.

गॅलरीत सातव्या रांगेत एक म्हातारी होती. राखी कोट, डोक्याला रुमाल. सगळे उठत, ओरडत, बसत. ती हलत नव्हती. फक्त हात हलत होते.

ऑर्लिनने चित्र मोठं केलं. गालावर दोन बोटं. आई.

ती नक्कल करतेय, असं त्याने स्वतःला समजावलं. मग दोन्ही फितींवरची घड्याळं जुळवून पाहिली. म्हातारीचा हात आधी उठत होता. त्याचा नंतर. फार नाही, एखाद्या सेकंदाने. पण प्रत्येक वेळी.

तिच्या मागच्या रांगेत तपकिरी टोपीवाला एक माणूस होता. तो मैदानाकडे बघतच नव्हता. म्हातारीच्या हातांवर डोळे आणि कानाला फोन. आधीच्या दोन सामन्यांच्या फितीतही तो तिच्याच मागे बसून वहीत काही खरडत होता. चोर सापडला होता. ऑर्लिनने उठून कोचला फोन करायला हवा होता. पण फीत चालू होती, आणि शेवटल्या मिनिटाला म्हातारीने एक वेगळीच खूण केली. पालथा पंजा पुढे धरून बोटं थरथरवली.

पातळ बर्फ.

ती खूण ऑर्लिनने मैदानावर कधीच दिली नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तळ्याच्या काठावरून त्याने ती शेवटची केली होती, दोन्ही हातांनी, पुन्हा पुन्हा. व्हर्नची पाठ त्याच्याकडे होती. हाका मारून उपयोग नव्हता.

तिकिटांच्या यादीवरून नाव मिळालं. लोइस प्रिबिल. गाव वीस मैलांवर. ऑर्लिन दुसऱ्याच दिवशी गेला. दाराची कळ दाबली की घरात दिवे उघडझाप करत, म्हणजे तीही बहिरी. तिने दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि छातीवर हात ठेवून व्हर्नने त्याला दिलेलं नाव हातांनी म्हणाली. ओठावर आडवं बोट. शिट्टी. लहानपणी ऑर्लिन सारखा शिट्ट्या वाजवायचा.

मग सारं कळलं. ती व्हर्नच्या बहिऱ्यांच्या शाळेत होती. दोघं लग्न करणार होते. बोली त्यानेच शिकवली. वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर ग्रॅनाइट लेकचा सामना लागला, त्यात हात दिसले, आणि तेव्हापासून तिने तिथला एकही सामना चुकवला नव्हता.

"तुझ्या मागे एक माणूस बसतो," ऑर्लिनने हातांनी सांगितलं. "तुझे हात बघून आमचे डाव चोरतो."

ती खजील झाली. "मला काय ठाऊक! मी आपली बोलत असते."

"पण माझ्या आधी कसं कळतं तुला?"

लोइस त्याच्याकडे बघत राहिली. हा थट्टा करतोय का, अशी.

"मी तुला बघून नाही बोलत," तिचे हात म्हणाले. "तुझ्या डाव्या बाजूला तो उभा असतो ना. तो आधी करतो. मग तू."

स्वयंपाकघरात फ्रीज घुरघुरत होता.

"आणि पातळ बर्फ?"

"ते तो तुला सांगतो. दर सामन्याला, शेवटी शेवटी. तू बघतच नाहीस."

कोचला ऑर्लिनने फक्त टोपीवाला दाखवला. तो वेबस्टनच्या कोचचा मेहुणा निघाला. चौकशी झाली, वेबस्टनचा तो विजय रद्द झाला. कोच रँडल सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "ऑर्लिन, मी गाढव आहे," आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. किराणा दुकानातला विनोदवीर महिनाभर दुसऱ्या रांगेत उभा राहिला.

खुणा अर्थातच बदलल्या. आता चित्रांचे मोठे फलक उचलले जात, आणि ऑर्लिनला कडेला उभं राहून खोटेच हातवारे करायचं काम मिळालं, समोरच्यांना चकवायला. "काहीही करा," कोच म्हणाला, "त्याला अर्थ नसला म्हणजे झालं."

नोव्हेंबरातल्या शेवटच्या सामन्यात तो तसा उभा राहिला. वारा बोचरा होता, आणि डाव्या बाजूला दोन पावलांवर कुणी उभं राहत नव्हतं. पोरं पाणी प्यायला येत तीही तेवढी जागा वळसा घालून. हे पूर्वीपासूनच असं होतं की आता त्याच्या नजरेला आलं, ते त्याला ठरवता येईना. शेवटल्या मिनिटाला त्याने मान वळवली. रंग उडालेली पांढरी रेघ, तुडवलेलं गवत. त्याच्या डाव्या कानाची पाळी मात्र गार पडली होती, आणि वारा उजवीकडून होता.

हंगाम संपला तशी त्याने नोकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणे, गुडघे.

पुढच्या सप्टेंबरात लोइसचं पत्र आलं. चार ओळी. शनिवारी गेले होते. तू नव्हतास. तोही नव्हता. तुझ्याकडेच आहे ना?

ऑर्लिनने पत्र आर्डिसला वाचायला दिलं, आणि लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर त्या संध्याकाळी व्हर्नबद्दल सगळं सांगितलं. काठ, बर्फ, पाठमोरा व्हर्न, सगळं. आर्डिसने पत्राची घडी करून ते पाकिटात ठेवलं. मग म्हणाली, "बाई एकटी राहते ना? रविवारी जेवायला बोलाव."

लोइस आली. आर्डिसने भाजलेलं मांस आणि बटाटे केले होते. लोइसने थोडं खाल्लं आणि काटा खाली ठेवला. मग तिचे हात चालू झाले ते थांबेचनात. मध्येच ती हसे, मध्येच डोळे पुशी, मध्येच कुणाचं उत्तर घ्यावं तशी थांबून ऑर्लिनच्या डावीकडे बघे.

आर्डिसने बटाट्यांचं भांडं हातात धरून हळूच विचारलं, "काय म्हणतेय रे ती?"

"मी नाही बघत," ऑर्लिन ताटाकडे नजर ठेवून म्हणाला. "माझ्याशी नाही बोलत ती."