परवान्याची ओळ

बाळांनो, आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा भवानी पेठेतून येतो आणि कामाला बसण्याआधी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवतो. गेल्या आठवड्यात सिस्टिम नव्याने टाकायची होती. कॉम्प्युटरवर चिकटवलेलं तिच्या परवान्याच्या क्रमांकाचं स्टिकर मात्र मी दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसून कोरं केलं होतं. परवाना गेलाच, असं वाटून मी, कॉपी करणाऱ्या मुलींना वर्षानुवर्षं पकडणारी बाई, हळूच म्हणाले, “टाक ना एखादी चोरीची.”

त्याने कीबोर्डवरून हात उचलले. “न्हाई आजी. परवाना आतल्या बोर्डाला जोडलेला हाय. नेट लावलं की आपोआप ओळखतंय की.”

तासाभराने पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली. “तुमीच वाचा.”

परवाना वैध असल्याचं मी पुटपुटले.

“जरा मोठ्यानं की, आजी!”