हेर कोबलिंगर आणि पुसलेली दोन वर्तुळं

त्रूडे वोंद्राकनं हेर कोबलिंगरांना, म्हणजे श्रीयुत कोबलिंगरांना, पहिल्यांदा पाहिलं ते मागून. ती सात वर्षांची होती आणि मागून दिसणारे हेर कोबलिंगर हा काही एका नजरेत मावणारा ऐवज नव्हता. हिरव्या लोकरी कोटाचा एक डोंगर बर्फावर गुडघे टेकून बसला होता. त्याच्याआड स्केटिंगच्या मैदानाचं कुंपण, कुंपणापलीकडची भाजलेल्या चेस्टनटची गाडी आणि गाडीपलीकडचं अर्धं व्हिएन्ना दिसेनासं झालं होतं. डोंगराचं डोकं जवळजवळ बर्फाला टेकलं होतं. कोणीतरी बर्फाखाली बुडालंय आणि हे गृहस्थ त्याच्याशी शेवटचं बोलून घेतायत, अशी त्रूडेची खात्री पटली आणि तिनं भोकाड पसरलं.

डोंगर सावकाश वळला. भल्या थोरल्या मिशांना बर्फ चिकटलेलं, नाकाच्या शेंड्याला एक थेंब लटकलेला.

"मुली, हे तू काढलंस?"

त्रूडेनं रडतरडत मान डोलावली.

"हे वर्तुळ आहे की बटाटा?"

रडणं जागच्या जागी थांबलं. "तुमचा गुडघा पडलाय त्यावर! म्हणून तसं दिसतंय!"

हेर कोबलिंगरांनी गुडघा उचलून खाली नीट पाहिलं. "गुडघा दुसऱ्या वर्तुळावर आहे," ते म्हणाले, "आणि ते वर्तुळ नाही, तो कांदा आहे."

त्या काळी फिगर स्केटिंग म्हणजे नुसत्या उड्या आणि गिरक्या नव्हत्या. निम्मे गुण असत ते बर्फावर पात्यानं वर्तुळं गिरवण्याचे. कोऱ्या बर्फावर एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं काढायची आणि मग त्याच रेघेवरून पुन्हापुन्हा जायचं. शेवटी रेघ एकच दिसली पाहिजे. मुलगी बाजूला झाली की पंच रबरी बूट चढवून बर्फावर उतरत आणि हरवलेली अंगठी शोधावी तसे वाकून ती रेघ पाहत. बाकीचे पंच वाकत. हेर कोबलिंगर लोळत.

पोटापाण्यासाठी त्यांचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं. बर्फावर जातानाही हातात छत्री असायचीच. लोकांना वाटे जाहिरात, ते म्हणत, "आभाळाचा काय भरवसा?" पंचगिरीचा त्यांना एक ग्रोशनही मिळत नसे, मिळे तो फक्त गुडघेदुखीचा आजार. गुण सहापैकी द्यायचे असत. हेर कोबलिंगरांचा हिशेब साधा होता: सहा देवाचे, साडेपाच मेलेल्यांचे, पाच परदेशी लोकांचे. जिवंत ऑस्ट्रियन माणसानं साडेचारात समाधान मानावं.

ही सवय मैदानाबाहेरही सुटत नसे. बायकोनं, म्हणजे फ्राऊ मित्सीनं, क्नोडल, म्हणजे उकडलेले गोल गोळे, वाढले की हा गृहस्थ गोळा काट्यानं फिरवून चहूबाजूंनी बघायचा आणि म्हणायचा, "चार पॉइंट दोन." शेजाऱ्यांच्या बाळाच्या बारशाला गेले, तर पाळण्यात वाकून म्हणाले, "डोकं डावीकडे जरा चपटं आहे. पण चार पॉइंट तीनला हरकत नाही." त्या घरी त्यांना पुन्हा कोणी कॉफीला बोलावलं नाही. मैदानावरच्या झाडून सगळ्या आया त्यांना शिव्या देत आणि आपल्या मुलीच्या वेळी पंचांत तेच असावेत म्हणून धडपडत. कारण त्यांची चिक्कूगिरी सगळ्यांना सारखी होती. ट्रामवाल्याची मुलगी असो की कारखानदाराची.

त्रूडे ट्रामवाल्याची मुलगी. कारखानदाराची मुलगी डोरोथेआ लिंडहोफर. तिचे वडील बिस्किटांचे कारखानदार असून वर 'कोमर्त्सियालराट' होते. ही सरकारनं दिलेली पदवी. ती मिळाल्यावर माणसाला काही करावं लागत नाही, पण ती उच्चारताना समोरच्याला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. ऑलिंपिकचं वर्ष आलं तेव्हा दोघी सतरा-अठराच्या होत्या, आणि मुलींची जागा होती एकच. राष्ट्रीय स्पर्धा जी जिंकेल ती जाणार, असं निवड समितीनं जाहीर केलं होतं.

डोरोथेआ उडी मारायची ती फुलपाखरासारखी; खाली उतरतानाही हसायची. तिची वर्तुळं मात्र उकडलेल्या शेवयांसारखी. त्रूडेचं उलटं. तिची वर्तुळं पाहत राहावीत अशी. पण उडी मारली की ट्राम रूळ बदलतेय असं वाटायचं. म्हणजे त्रूडेला ऑलिंपिक दिसणार असेल, तर वर्तुळांतच एवढी आघाडी घ्यायला हवी होती की डोरोथेआनं नंतर कितीही उडावं.

स्पर्धेच्या सकाळी शेवटची आकृती काढताना त्रूडेला पायातूनच कळलं. पातं स्वतःहून जुन्या रेघेत शिरत होतं, खोबणीत ड्रॉवर सरकावा तसं. तिनं बाजूला होऊन पाहिलं. दोन वर्तुळं, एक रेघ.  इतकं चांगलं तिला पुन्हा जमणार नव्हतं, हे तिला त्याच क्षणी ठाऊक झालं.

हेर कोबलिंगरांनाही लांबूनच वास लागला असावा. इतर पंचांना कोपरानं बाजूला सारत ते पुढे धावले. रेघेपाशी वाकले, आणखी वाकले, आणि त्यांच्या तोंडून "आ..." असा आवाज निघाला. तो कौतुकाचा होता की घसरल्याचा, यावर पुढे बरेच दिवस मतभेद राहिले. डावा पाय व्हिएन्नाला राहिला, उजवा हंगेरीकडे निघाला. हिरवा कोट बसल्याबसल्या पहिल्या वर्तुळावरून दुसऱ्या वर्तुळावर गेला, आणि थांबण्यासाठी त्यांनी छत्री बर्फात रोवली तेव्हा तिनं नांगरासारखी एक नवी रेघ अगदी कुंपणापर्यंत ओढली.

कोट उचलला गेला. खाली काही नव्हतं.

"जे नाही त्याला गुण कसे देणार?" हेर लिंडहोफर कठड्यावरून ओरडले. "शून्य!"

"नाही कसं?" त्रूडेची आई, फ्राऊ वोंद्राक, बर्फावर उतरलीच. "यांच्या कोटाला लागलंय सगळं! वळा हो हेर कोबलिंगर, पाठ दाखवा साहेबांना! आणि द्या त्यालाच गुण!"

"आई, गप बस ना गं..."

"तू गप, कार्टे! तुझं आयुष्य यांच्या बुडाला चिकटलंय, कळतंय का तुला?"

मुख्य पंच डॉक्टर नेमेट्स पेशानं दातांचे डॉक्टर. कळवळलेल्या माणसांची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "मुलीनं पुन्हा काढावं."

"एकीलाच दुसरी संधी? हा अन्याय!" हेर लिंडहोफर म्हणाले.

"काढलंय तिनं एकदा! पुन्हा का म्हणून?" फ्राऊ वोंद्राक म्हणाली.

दोन्ही घराण्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

शेवटी सगळे हेर कोबलिंगरांकडे वळले, कारण ती रेघ पाहिलेला पंच जगात एकच होता. ते बर्फावरच बसून होते. 

"कशी होती?" डॉक्टर नेमेट्सनी विचारलं.

"निर्दोष. माझ्या जन्मात अशी पाहिली नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. 

"मग तुम्ही द्याल तेच गुण बाकीच्यांचे धरू. बोला."

फ्राऊ वोंद्राकनं हात जोडले. हेर कोबलिंगरांनी डोळे मिटले, स्वतःशी बरीच झटापट केली, आणि त्यांच्या मानानं कर्णाचं दान केलं.

"चार पॉइंट नऊ."

बाकीच्या पंचांनी कपाळाला हात लावला. ते डोळे झाकून साडेपाच देणार होते. आता त्यांच्याही नावावर चार पॉइंट नऊ लागले. दुपारी डोरोथेआ फुलपाखरासारखी उडाली, त्रूडेनं एकदाची ट्राम रुळावर ठेवली, आणि बेरीज झाली तेव्हा डोरोथेआ केसभर पुढे होती.

दुसऱ्या दिवशी आई त्रूडेला ओढत छत्र्यांच्या दुकानात घेऊन गेली.

"निर्दोष म्हणालात ना? मग सहा का नाही दिलेत?"

"फ्राऊ वोंद्राक, सकाळी दाढी करताना मला आरशात स्वतःकडे बघावं लागतं."

"मग दाढी वाढवा! मिशा आहेतच, थोडं आणखी काय जड होतंय?"

आतून फ्राऊ मित्सी पळी घेऊनच बाहेर आली. "पोरीचं नुकसान करून घरात बसलात, आणि वर माझ्या क्नोडलना नावं ठेवता? जा समितीपुढे. नाहीतर आजपासून चौकोनी क्नोडल."

हेर कोबलिंगर खाली बघत छत्रीची काडी सरळ करत राहिले. मग त्यांनी त्रूडेला विचारलं, "तुला काय वाटतं? किती?"

त्रूडेला सहा म्हणायचं होतं. पण हा माणूस एका गुणासाठी रात्ररात्र तळमळतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. "पाच," ती म्हणाली. "तुमच्या हिशेबानं पाच."

"पाच परदेशी लोकांचे."

"मग मी परदेशीच जायचं म्हणतेय ना."

मिशांखाली काहीतरी हललं. ते हसू असावं. पूर्वी कोणी पाहिलेलं नसल्यामुळे खात्री देता येत नाही. त्यांनी कोट चढवला.

समिती कॉफीहाउसच्या मागच्या खोलीत बसायची. हेर कोबलिंगरांनी उभं राहून, टोपी हातात धरून सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून गुण कमी दिले गेले. पाच हवे होते. पाच धरले तर त्रूडे केसभर पुढे. हेर लिंडहोफर म्हणाले, एकदा दिलेला गुण बदलता येत नाही. फ्राऊ वोंद्राक दाराबाहेरून म्हणाली, एकदा काढलेलं वर्तुळही पुसता येत नाही, पण पुसलंत ना? अर्धी समिती इकडे, अर्धी तिकडे. मधोमध डॉक्टर नेमेट्स, गालाला हात लावून. कॉफी आली, सफरचंदाचा श्ट्रुडेल आला, पुन्हा कॉफी आली. असं रोज चाललं. दोन्ही मुली रोज सकाळी सरावाला येत, एकमेकींकडे बघत आणि विचारत, "झालं का?" "नाही."

नावं पाठवायची मुदत संपली तेव्हा समिती तिसऱ्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करत होती. मुलींची जागा बॉबस्ले या घसरगाडीच्या खेळातल्या एका राखीव गड्याला मिळाली. तो तिथे सर्दीनं आजारी पडला आणि घसरगाडीत बसलाच नाही.