उद्याची काकडं

ओट्यावर बसून मी नि बायकोनं शेवळांच्या जुड्या बांधल्या, ते आमचं एकत्र केलेलं शेवटचं काम. मी बांधलेली जुडी ती सोडायची नि परत बांधायची.

"ही जुडी हाय का लाकडाची मोळी?"

"मग तूच बांध गो सगळ्या."

हसली. सिद्धगडच्या पायथ्याचं आमचं घर, तिथनं पहिल्या एसटीनं शहरात गेलो. बाजाराच्या रस्त्यावर कडेला तिची जागा ठरलेली.

शेवळं म्हंजे पावसाळी रानभाजी, नुसती खाल्ली तर घसा खाजतो. त्यात काकडाची आंबट फळं घालावीच लागतात. म्हणून जुडीबरोबर मूठभर काकडं द्यायची, ही आमची रीत. त्या दिवशी काकडं लवकर संपली. नेहमीची एक बाई आली, तिला ही म्हणाली, "बाय, शेवळं ने, काकडं उद्या देते. तवर शिजवू नको, घसा धरल."

"मावशी, उद्या नक्की ना?"

"मी नाय विसरत. विसरतो तो हा म्हातारा."

मी चहा आणायला पलीकडं गेलो. ग्लास हातात घेतले नि गाडी आली. ब्रेक मारलाच नाय. भाजीवरनं, माणसांवरनं सरळ. खांबाला धडकली तेव्हा थांबली. लोकांनी गाडीवाल्याला ओढून बाहेर काढला. पोलिस म्हणले, मुद्दाम घातली, कोणावर तरी राग होता. आमी तर त्याचं तोंड पण कधी बघितलं नव्हतं. ती जागीच गेली.

दवाखान्यात म्हणले, मढं उद्या दुपारी मिळल. जावई तिथं बसला, मला घरी धाडलं. शेजारणीनं भाकर आणून ठेवली. ती तशीच राहिली.

सकाळी उठलो नि घरामागच्या काकडाच्या झाडाला आकडी लावून फळं पाडली. शेजारी ओरडला, "अरे, सुतकात बाजाराला चाललास? लोक काय म्हणतील?"

"विकाया नाय चाललो. तिचं द्यायचं राहिलंय."

रस्ता धुतलेला होता. तिच्या जागेभोवती पोलिसांची दोरी. मी दोरीच्या अलीकडं फडकं टाकून बसलो. ऊन चढल्यावर ती बाई आली. मला बघून उभीच राहिली. मी काकडं तिच्या पिशवीत ओतली.

"आता शिजवा," म्हणलं. "नाय खाजायचं."

मग फडकं झटकलं नि दवाखान्यात गेलो, तिला घरी आणायला.