लाल झाकण, निळं झाकण

दशरथला घाईनं शिकवता यायचं नाही. मारुंजीत लहानपणी वडिलांनी त्याला वाफ्यांना पाणी द्यायला शिकवलं होतं ते असंच, पावलापावलानं. पाणी वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत वडील बोलत नसत, आणि पोरालाही बोलू देत नसत. पुढं हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. दशरथ त्यातल्या एकीत सफाईचा सुपरवायझर झाला आणि रोज सकाळी साडेसहाला तळघरात, मालाच्या लिफ्टपाशी बायकांना गोळा करून त्याच चालीनं शिकवू लागला.

नवी बाई आली की तिच्या एका हातात तो लाल झाकणाची बाटली द्यायचा, दुसऱ्या हातात निळ्या झाकणाची. लालमध्ये संडास घासायचं ॲसिड, निळ्यात ब्लीच.

"ह्या दोघी सवती हायत," तो सांगायचा. "एका भांड्यात पडल्या की धूर निघतो. तो धूर तुझ्या छातीत बसंल. एकीनं घासलं की बादलीभर पाणी सोडायचं, आन् दुसरीला त्या दिवशी तिथं हात लावायचा न्हाई."

"सवती दाखवल्या भाऊ, नवरा कुठाय?" शालन हमखास विचारायची. ती त्यांच्यातली सगळ्यात जुनी.

"तुझ्यासमोर उघडा पडलाय, संडासाचं भांडं," दशरथ म्हणायचा, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग तो चिंध्यांवर एकेक थेंब टाकून हातभर अंतरावरून दोन्हींचा वास वेगवेगळा द्यायचा. नाकाला कळलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. दुसऱ्या दिवशी त्याच बाईनं ते सगळं इतरांना शिकवून दाखवायचं. अडखळली तर तिसऱ्या दिवशी पुन्हा. तोवर तिला एकटीला मजल्यावर पाठवायचं नाही. नऊ वर्षं हे चाललं आणि नऊ वर्षांत एकही बाई दवाखान्यात गेली नाही.

मग ट्रेनिंग कॉम्प्युटरवर आलं. ते घेऊन आली ऑफिसातली भाग्यश्री. धायरीची पोरगी, कंपनीच्या बसनं दीड तासाचा प्रवास करून यायची, तरी चेहरा टवटवीत.

"काका, तुमचा रोजचा अर्धा तास वाचला," ती म्हणाली. "चाळीस मिनिटांचा कोर्स, शेवटी वीस प्रश्न. कोण किती शिकलं ते मला वर बसून दिसणार."

"ताई, कोर्स इंग्रजीत हाय. माझ्या निम्म्या बायांना मराठी वाचता येत न्हाई."

"मराठी व्हर्जन फेज टूमध्ये आहे, काका."

फेज टू कधी आली नाही. तळघरातला वर्ग मात्र त्याच आठवड्यात बंद झाला. एकच गोष्ट दोनदा कशाला शिकवायची, असं ऑफिसचं म्हणणं. शुक्रवारपर्यंत जिचा कोर्स पूर्ण होणार नाही तिचा गेटपास बंद, असंही आलं.

कोठीच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. पहिली बसली शालन. पडद्यावर हेल्मेट घातलेला एक गुळगुळीत माणूस हसून इंग्रजी बोलत होता. तो बोलायचा थांबला, तरी शालन त्याच्याकडं बघत बसली, कारण पुढं जायला कुठं दाबायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बुधवारी संध्याकाळी अडतीस बायकांपैकी दोघींचा कोर्स झाला होता.

"ऊठ शालन," दशरथ म्हणाला. "मी करतो."

शुक्रवारी दुपारी अडतीसच्या अडतीस पास.

सुरुवातीला ती दया होती. पण दर तीन महिन्यांनी नवा कोर्स येऊ लागला आणि दशरथचा हात बसत गेला. उत्तरं पाठ झाली. चाळीस मिनिटांचं काम तो आठ मिनिटांत उरकू लागला. वर भाग्यश्रीच्या पडद्यावर शंभर टक्के दिसले, खाली नोटीस बोर्डावर दशरथचा फोटो लागला. त्यानं त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि घरी नेऊन दाखवला. लिफ्टपाशी सकाळी आता कुणी थांबत नव्हतं. त्यालाही त्या वर्गाची आठवण होईनाशी झाली.

दुसऱ्या वर्षी वाशीमकडची मथुराबाई कामाला लागली. दशरथ तिच्या नावानं कोर्स करत होता आणि ती हातात मॉप घेऊन शेजारी उभी होती.

"भाऊ, मले काही करा लागते काय?"

"काही न्हाई. झालं तुझं. चौथा मजला."

जिन्यात शालननं त्याला गाठलं. "तिला सवती दाखवल्या का?"

"उद्या दाखवतो."

उद्या परदेशी पाहुणे येणार होते. परवा पाण्याची मोटर बिघडली. असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या एका भांड्यातला डाग मथुराबाईला निघेना. तिनं निळं ओतलं. तरी निघेना. दोन्ही मिळून जास्त चांगलं निघेल म्हणून तिनं वरून लाल ओतलं, आणि साहेब लोकांना वास जाऊ नये म्हणून दार आतून लावून घेतलं.

दार तोडून तिला बाहेर काढलं तेव्हा ती जिवंत होती.

चौथ्या दिवशी ॲडमिनच्या गोपाळकृष्ण साहेबांनी दशरथला बोलावलं. भाग्यश्री तिथंच बसली होती. टेबलावर कागद होता. प्रश्न चौदावा, ही दोन द्रव्यं एकत्र करावीत का. मथुराबाईचं उत्तर, नाही. बरोबर.

"म्हणजे बाईंना ठाऊक होतं," साहेब म्हणाले. "ठाऊक असून केलं, म्हणजे निष्काळजीपणा. नोकरी जाईल, औषधपाण्याचंही त्यांचं त्यांनी बघायचं. ट्रेनिंग झालं होतं, एवढ्यावर आपली सही द्या."

"उद्या देतो," दशरथ म्हणाला.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. मथुराबाईच्या नाकातोंडावर मास्क होता. त्याला बघून तिनं तो बाजूला केला.

"भाऊ, शालन म्हणे कागदावर लिवलं आहे, मले येत होतं म्हनून." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. "तुमी सांगतलं असन. मीच इसरली. रागावू नका."

दशरथला तिथं उभं राहवलं नाही.

सकाळी त्यानं साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"अहो दशरथ, आपण आम्हाला अगदीच बावळट समजता का? एका कॉम्प्युटरवरून अडतीस बायका, प्रत्येकी आठ मिनिटं. इतकी हुशारी आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांतसुद्धा नाही."

भाग्यश्री खाली बघत होती. "पहिल्याच कोर्सला मी साहेबांना रिपोर्ट दाखवला होता, काका," ती हळू म्हणाली.

"मग थांबवलं का न्हाई?"

"शंभर टक्के हवे होते. आपण दिलेत," साहेब म्हणाले. "फोटो लावला ना आम्ही?"

दशरथ म्हणाला, "मला लिहून द्यायचंय."

"द्या. पण आपण जे केलंत तेवढंच लिहा. आम्हाला काय माहीत होतं ते लिहिलंत तर कागद या टेबलाच्या पुढे जाणार नाही. मग बाईंच्या औषधपाण्याचं बाईंनीच बघायचं."

त्यानं तेवढंच लिहिलं. मथुराबाईच्या उपचारांचा भार कंपनीकडं राहिला. दशरथला खोट्या नोंदी केल्या म्हणून काढलं, नोटीस बोर्डावरून फोटो उतरला. नव्या सुपरवायझरला पहिल्या आठवड्यात बजावलं गेलं ते शंभर टक्क्यांचंच. तळघरातला वर्ग पुन्हा सुरू करा, असं दशरथनं जाताना सांगितलं होतं. कुणी ते टिपून घेतलं नाही.

पुढच्या रविवारी तो दवाखान्यात गेला. पिशवीत धुऊन घेतलेल्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. मथुराबाई आता सफाईचं काम करू शकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुठलंच काम फारसं नाही. तरी त्यानं तिच्या एका हातात लाल झाकणाची बाटली दिली, दुसऱ्या हातात निळ्या झाकणाची, आणि तळघरात सांगायचा तसं सावकाश सगळं सांगितलं. धूर का निघतो, पाणी किती सोडायचं, दार उघडं का ठेवायचं. तिनं डोळे न हलवता ऐकलं.

"आता तू सांग," तो म्हणाला.

"ह्या दोघी..." मथुराबाईनं सुरुवात केली. "ह्या दोघी सवती..."

श्वास संपला. दशरथ गप्प बसला. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि त्याला काही घाई नव्हती. नर्स येऊन मास्क नीट बसवून गेली. बऱ्याच वेळानं मथुराबाईनं तो जरासा उचलला.

"उद्या सांगीन, भाऊ," ती म्हणाली.