पहाऱ्यावरची पाठ

आमच्या घरातून बाहेर पडताना कुणी 'सांभाळून जा' असं म्हणत नसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून आमच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध दोन बोटं टेकवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "ताठ." परीक्षेला जाताना ताठ, दळण घेऊन जाताना ताठ. डोक्यावर पाच किलो ज्वारी असताना माणूस आपोआपच ताठ होतो, पण ते त्यांना पुरेसं वाटत नसे.

ही शिस्त आजोबांची. आजोबा गावात वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायचे आणि कमरेत वाकून चालायचे. कारण तसंच चालावं लागायचं. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो आणि आजोबांनी शाळकरी आप्पांना सांगितलं, की माझं झालं ते झालं, तू आता कुणापुढं पाठ वाकवायची नाहीस. मुलं वडिलांचं ऐकत नाहीत अशी तक्रार सगळीकडे असते. आप्पांनी हे एक वाक्य चाळीस वर्षं ऐकलं, तेही पाठीच्या कण्यानं.

आप्पा पेठ वडगावजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. कोल्हापुरातून रोज एसटीनं जायचे. वर्गात खुर्ची होती, पण ते तिच्यावर बसलेले कुणी पाहिले नव्हते. लहानपणी त्यांना वर्गाबाहेर, चपला काढतात तिथं बसवलेलं होतं. मास्तर झाल्यावर फळ्यासमोर उभं राहणं हा त्यांचा हक्क झाला, आणि हक्क बसून बजावायचा नसतो असं त्यांचं मत होतं.

नव्वदीच्या मध्यावर त्यांची पाठ दुखू लागली. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग शाळेची घंटा व्हायच्या आतच. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गोळ्या आणि पट्टा दिला. पट्टा आप्पांना आवडला, कारण त्यानं ते आणखी ताठ दिसायचे. दुखणं मात्र वाढलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, बसून शिकवा, नाहीतर मुदतीआधी निवृत्ती घ्या."

आप्पा घरी येऊन म्हणाले, "बसून शिकवणार नाही. महिनाभर बघतो. नाही जमलं तर राजीनामा." आईनं भाकरी थापायची थांबवली नाही, पण त्या दिवशी भाकऱ्या जाड झाल्या.

दुखऱ्या पाठी चोळून देणाऱ्या एका वस्तादांचा पत्ता आईनंच काढला. मी विरोध केला. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते आणि छापील गोष्टींवर माझा जरा जास्तच विश्वास होता. वस्तादांच्या दारावरच्या पाटीनं तो विश्वासही डळमळला. पाटीवर 'सुप्रसिद्ध', 'अस्थिसंधीसम्राट' आणि 'खात्रीशीर' हे तिन्ही शब्द एकाच ओळीत बसवले होते. आत भिंतभर सत्काराचे फोटो. शाल, श्रीफळ, फेटा, शाल.

"हे कोण?" मी एका पुढाऱ्याच्या फोटोकडं बोट दाखवून विचारलं.

"म्हाईत न्हाय," वस्ताद म्हणाले. "मान आखडलीती त्याची. फोटू त्यानंच लावला."

इथं माझा विरोध थोडा कमी झाला.

वस्ताद साठीचे होते, शेतकरी मराठ्यांच्या घरातले. जवानीत कुस्ती केलेली, नंतर तीस वर्षं तालमीत पैलवानांची अंगं चोळली, उतरलेले सांधे बसवले. आता लोकांच्या पाठी बघायचे. त्यांनी आप्पांचा पट्टा सोडायला लावला आणि म्हणाले, "गुरुजी, वाकून दावा."

आप्पा दोन बोटं पुढं झुकले आणि थांबले.

"बास?"

"बास."

"दुखतंय म्हणून थांबलाय, का वाकायचंच न्हाय?"

आप्पा विचार करून प्रामाणिकपणे म्हणाले, "वाकायचंच नाही."

"कुणी सांगिटलंय?"

"वडलांनी."

दुसरा कुणी हसला असता. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी आप्पांना सतरंजीवर पालथं झोपवलं, कोमट तेल घेतलं आणि मानेपासून माकडहाडापर्यंत दोन्ही अंगठे सावकाश फिरवत नेले. घाई अजिबात नाही. आंधळा माणूस ओळखीच्या गल्लीतून जातो तसे ते हात चालले होते. परत वर आले, परत खाली गेले. मग म्हणाले, "ही पाठ उभी न्हाय गुरुजी. ही पहाऱ्यावर हाय. कवापास्नं?"

"चाळीस वर्षं झाली," आप्पा सतरंजीत तोंड खुपसून म्हणाले.

"मग पहारेकरी बदला की आता! मी पैलवान हाय, माझं ऐका. जो गडी गुडघं ताठ करून, छाती काढून उभा ऱ्हातो, त्यो पयल्या झटक्याला पडतो. कमरंत ढिला असतो त्याला चौघं मिळून हलवू शकत न्हाईत. तुमच्या वडलांनी तुम्हाला पडू नको म्हणूनच सांगिटलं न्हवं?"

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांना न पटणारी गोष्ट असली की ते लगेच बोलायचे.

मग वस्ताद त्यांच्या पायांशी मांडी घालून बसले आणि उजवा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. आप्पांनी तो झटक्यात मागं ओढला.

"पाय नको."

"का? गुदगुल्या हुत्यात?"

आप्पांनी दुसरा पायही जवळ ओढून घेतला. आजोबांच्या गावात ज्या घरांवरून चपला हातात घेऊन जावं लागायचं, ती याच माणसाच्या जातीची घरं होती. वस्तादांना हे कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. ते फक्त म्हणाले, "पाय द्या की गुरुजी. पाठीचं निम्मं दुखणं तळव्यात असतंय."

वस्ताद मांडीवर हात उघडा ठेवून बसून राहिले. मग आप्पांनी पाय दिला. मी पिशवीतलं पुस्तक काढून उघडलं आणि तासभर एकच पान धरून बसले.

आठवड्यातून दोनदा, असे चार महिने आम्ही जात होतो. राजीनाम्याचा महिना आप्पांनी कुणाला न सांगता वाढवून घेतला. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. चमत्कार चार महिने घेत नाहीत. वस्ताद कोपरानं कमरेतल्या गाठी दाबायचे, आप्पा सतरंजी मुठीत धरायचे, पण तोंडातून आवाज काढायचे नाहीत. "ओरडा की वो," वस्ताद वैतागायचे, "मला कळू द्या कुठं दुखतंय. हितं कोण हाय ऐकायला?" तिसऱ्या आठवड्यात आप्पा ओरडले. वस्ताद म्हणाले, "आता इलाज सुरू झाला."

घरी करायची कसरत म्हणजे जमिनीवर पसरलेले ज्वारीचे दाणे गुडघे सैल ठेवून, वाकून, एकेक उचलायचे. आई दारात उभी राहून बघायची. "बत्तीस वरसांत एक दाणा उचलला न्हाई," ती शेजारणीला मोठ्यानं सांगायची, "आता इलाज म्हणून उचलाय लागल्यात. वस्तादास्नी म्हणावं, भांडी घासायची बी कसरत असती का बघा."

"त्यांना विचारतो," आप्पा खालूनच म्हणायचे.

आधी सैल झाली ती मान. मग खांदे खाली आले. आप्पा तेवढेच उंच होते, पण भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखे दिसेनासे झाले. एकदा जेवताना ते जरा संकोचून म्हणाले, "पोरं पाटीवर फार बारीक लिहितात. इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं." तोवर पोरं पाटी घेऊन त्यांच्यापर्यंत येत होती. आता ते ओळीतून फिरत, वाकून, पोरांच्या खांद्यावरून अक्षरं दुरुस्त करत होते. आजोबा असते तर त्यांना हे वाकणं चाललं असतं का, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "ते निरक्षर होते. पाटीजवळ जायला मिळालं असतं तर ते लोटांगण घालत गेले असते."

पावसाळ्यात पाठ कुरकुर करायची, ती शेवटपर्यंत राहिली. राजीनामा मात्र लिहिला गेला नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाळेत समारंभ होता. मी रजा मागितली होती, ती मिळाली नाही. समारंभ चुकला याचं मला फार वाईट वाटलं असंही नाही. संध्याकाळी आप्पा हार, नारळ आणि शाल एका पिशवीत कोंबून घरी आले. भाषणं कशी झाली, असं आईनं विचारलं. त्यांना ते आठवत नव्हतं.

"समारंभ चारला होता," ते म्हणाले. "तोवर सगळे तास घेतले. शेवटचा गणिताचा. मुख्याध्यापक म्हणत होते, आज राहू द्या. म्हटलं, का राहू द्या?" मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चेहरा शक्य तितका साधा ठेवत पुढचं सांगितलं.

"आणि एसटीला गर्दी होती. वडगावपासून उभाच आलो."