ओल्या दोरीची गाठ

आमच्या जोयड्यात ऑगस्टभर पाऊस असतो. गेल्या स्वातंत्र्यदिनी शाळेत दोरी भिजून फुगली आणि झेंडा उघडलाच नाही. यंदा तो बांधायचं काम मी मागून घेतलं. रेंज फक्त टेकडीवर येते. तिथं जाऊन मोबाईलवर झेंडा बांधायचे व्हिडिओ उतरवून घेतले. सगळ्यांत दोरी कोरडीच होती. मग मी दोरी बादलीत भिजवली आणि जुन्या साडीच्या तुकड्यावर सराव केला. फास जरा सैल ठेवला, तेव्हाच तो सुटला.

थोरल्या जाऊबाई हसल्या, "धुणं वाळत घालतीस व्हय गं?"

पंधरा ऑगस्टला धो धो पावसात पाहुण्यांनी दोरी ओढली. झेंडा एका हिसक्यात उघडला आणि आत ठेवलेली तेरड्याची फुलं सगळ्यांवर पडली.

"आता तुझा व्हिडिओ टाक," जाऊबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी ओल्या दोरीची गाठ बांधतानाचा व्हिडिओ काढला आणि टेकडीवर जाऊन टाकला.