घटक क्रमांक अकरा

घासाघिशीत मला हरवणारा आजवर एकच माणूस भेटला, आणि त्या माणसाला पावशेर भेंडी धड विकत घेता येत नाही. ते आमचे साडू. मी येरमाळ्याजवळ हमरस्त्याला खव्याची भट्टी चालवतो. दहावीनंतर शाळा सोडली, दुसऱ्याच्या कढईपुढं सात वर्षं उभा राहिलो आणि मग स्वतःची कढई मांडली. दूधवाल्यापासून पुण्याच्या मिठाईवाल्यापर्यंत कुणीही मला पहिल्या बोलीत गाठलेलं नाही. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या हॉटेलात ऐकू जातो, हेही खरं आहे. साडू मात्र हळू बोलतात. ते धाराशिवच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतात. त्यांना सगळं जग सर म्हणतं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, तीही सरच म्हणते.

सरांबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा आहे. भाजीवालीनं भेंडीचा भाव सांगितला की ते मान डोलावतात आणि विचारतात, "हा भाव कोण ठरवतं? तुमच्या हाताखाली माणसं किती?" बाईला वाटतं हा नगरपालिकेचा माणूस. ती घाबरून भाव उतरवते. त्यावर सर म्हणतात, "नको नको, पहिलाच राहू द्या. मी तोच लिहून घेतलाय." माझ्या पुतणीच्या लग्नात ते पंगतीच्या टोकाला घड्याळ लावून उभे राहिले आणि कोणता वाढपी किती फेऱ्या मारतो ते टिपू लागले. वाढपी इतके भेदरले, की त्यांनी पळत पळत वाढायला सुरुवात केली आणि नवऱ्याच्या मामाच्या सदऱ्यावर आमटी गेली. मामा रुसले. त्यांची समजूत मी काढत होतो तेव्हा सर मागून मला सांगत होते, "साडूभाऊ, माणसं पुरेशी आहेत. आखणी चुकलीय." घरातसुद्धा त्यांच्या डोक्यात त्यांची प्रश्नावलीच असते. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत, या पाच खणांच्या बाहेर त्यांचं उत्तर जात नाही. अक्कानं विचारलं, "मीठ बरोबर हाय का?" तर घास गिळून, विचार करून ते म्हणतात, "सहमत." लग्नाला तीस वर्षं होत आली, अक्काला 'पूर्ण सहमत' अजून मिळालेलं नाही.

हे सगळं त्यांच्या पीएच.डी.मुळं. पोरगी सातवीत होती तेव्हा त्यांनी नाव नोंदवलं. ती शिकून नोकरीला लागली तरी प्रबंध चालूच होता. 'धाराशिव जिल्ह्यातील लघुउद्योगांचे व्यवस्थापन, मनुष्यबळाच्या अडचणी आणि शासकीय धोरण', हे नाव ते एका दमात म्हणतात, आणि ते ऐकून आमच्या सासूबाई दरवेळी हात जोडतात. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसरी मुदत शेवटची. त्या तारखेला प्रबंध पोचला नाही तर नोंदणीच रद्द. इतकी वर्षं पाण्यात. अक्कानं ती तारीख देवघरातल्या कॅलेंडरवर कुंकवानं गोल करून ठेवली होती.

या प्रबंधासाठी त्यांना भट्ट्यांवरचे कामगार हवे होते. मी माझी भट्टी द्यायला कबूल झालो, पण अटीवर. दुपारची कढई उतरल्यावर दोन तास, जास्त नाही; आणि माझं नाव कुठंही येता कामा नये. सर म्हणाले, "नाव कुणाचंच येत नाही, साडूभाऊ. प्रत्येक उद्योगाला क्रमांक असतो. तुम्ही घटक क्रमांक अकरा." खांद्याला झोळी, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात चौकटी छापलेले कागद, अशा थाटात ते दोन दिवस आले आणि माझ्या सहा माणसांशी बोलून गेले. जाताना खूश होते.

मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा ते प्रबंधाची कच्ची प्रत घेऊन आमच्याकडं जेवायला आले. चांगला विटेएवढा जाड गठ्ठा. मी हात धुऊन तो मांडीवर घेतला आणि अकरा नंबर शोधला. तिथं लिहिलं होतं: 'घटक क्र. ११. येथील सर्व कामगार दरवर्षी नव्वद दिवस हे काम सोडून बांधकामावर जातात. मालकाचा तापट स्वभाव हे यामागील प्रमुख कारण दिसते.'

मी उठून उभा राहिलो. माझी सहा माणसं. त्यातला नवनाथ तर भट्टी पेटवल्या दिवसापासून माझ्याकडं आहे. एक दिवस कुणी बांधकामावर गेलेलं मी पाहिलं नाही, आणि हा माणूस माझ्या घरी माझ्याच खव्याची पोळी खाऊन छापतोय की माझ्या स्वभावाला कंटाळून माणसं पळतात. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं. माझा आवाज शेजारी गेला असणार, कारण शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. सर शांतपणे म्हणाले, "ते सांगता येत नाही. तसा शब्द दिलेला असतो." पोळी संपवून, गठ्ठा झोळीत घालून ते एसटीनं गेले. मी रात्रभर कूस बदलत होतो.

सकाळी दूध यायच्या आधी नवनाथला गाठलं. तो भट्टीत लाकडं सारत होता.

"नव्या, तू बांधकामावर कधी गेलतास रं?"

त्यानं आणखी एक लाकूड आत सारलं. "त्ये व्हय. त्ये भांड्यांचं हुतं न्हवं, मालक."

"कसली भांडी?"

"आता बगा. बांधकामवाल्याला सरकार भांड्याचा संच देतंय. कुकर, पातेली, परात, समदं. फकस्त वर्षात नव्वद दिस बांधकाम केलंय म्हनून लिवावं लागतंय. सायेब आले, गळ्यात कार्ड, हातात फारम. म्हनले, किती दिस काम केलं? आमी म्हनलं, नव्वद."

"समद्यांनी?"

"समद्यांनी. तेरखेड्याच्या भट्टीवरनं निरोप आलता आदीच. सायेब फिरत्यात, नव्वदच सांगा म्हनून." मग त्यानं विचारलं, "कवा येनार हायेत भांडी?"

मी तिथंच लाकडावर बसलो. सरांनी जिल्हाभर दोनशेच्या वर फॉर्म भरून घेतले होते. एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर निरोप त्यांच्या पुढं पळत होता, आणि सर मागून आकडा लिहीत होते. पुढं त्या नव्वदावर त्यांनी एक आख्खं प्रकरण रचलं होतं. खव्याचे कामगार ऋतूप्रमाणे बांधकामाकडं सरकतात आणि परत येतात, असा तो शोध. त्यांच्या मार्गदर्शकांनी त्या प्रकरणाची पाठ थोपटली होती.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा आनंद झाला. हातात इतका भक्कम माल घेऊन मी कधीच सौद्याला बसलो नव्हतो. दुपारचा खवा गाडीत भरून पाठवला आणि धाराशिव गाठलं. सर टेबलाशी शुद्धलेखन तपासत होते. मी सगळं सांगितलं, भांड्यांपासून तेरखेड्याच्या निरोपापर्यंत. हातातली पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवली, ती घरंगळत खाली गेली, ती त्यांनी उचलली नाही. स्वयंपाकघरात अक्काचं लाटणं थांबलं.

मी म्हणालो, "हे बघा, मला बोभाटा करायचा नाही. माझी ती ओळ काढा. बाकी प्रबंध आहे तसा जाऊ द्या. कोण येतंय भट्टीवर तपासायला?"

"ओळ का काढायची?" त्यांनी विचारलं. "खोटी आहे म्हणून, का तुम्हाला लागली म्हणून?"

"दोन्ही."

"खोटी म्हणून काढायची तर तिच्यासारख्या दोनशे आहेत."

"बरं, ओळ राहू द्या. फक्त स्वभावाचं काढा."

"ते काढून उरतं काय? नव्वद दिवस. तेच खोटं आहे."

"मग अकरा नंबरच गाळा. दहाच्या पुढं बारा लिहा. कुणाला कळतंय?"

"मला," सर म्हणाले.

मी आणखी खाली उतरलो. म्हटलं, सगळं आहे तसं ठेवा, मीही काही बोलत नाही, समजा मी आलोच नव्हतो. हे माझ्या तोंडून गेलं तेव्हा मला कळलं, की मी मागायला आलो होतो आणि आता देत बसलोय. ते कशावरच खाली आले नाहीत. गठ्ठा त्यांनी कपाटावर टाकला आणि झोळीत कोरे फॉर्म भरू लागले. अक्का बाहेर आली. तिचे हात पिठाचे होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊजी, आठ दिवस गप बसला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

पुढचे सहा दिवस मी दुधाच्या गाडीतून सरांना फिरवलं. का, ते विचारू नका. गाडीला तिकडं जायचंच होतं, असं मी बायकोला सांगितलं. प्रत्येक भट्टीवर मी आधी उतरायचो आणि मोठ्यानं सांगायचो, "ह्या फॉर्मातनं काहीही मिळणार नाही. भांडी नाहीत, पातेलं नाही, चमचासुद्धा नाही." निम्मी माणसं तिथंच उठून जायची. एक म्हातारा म्हणाला, "मग कशाला लिवता सायेब, उनाचं?" सर त्यालाही म्हणाले, "बसा, हेच सांगा," आणि तेच लिहून घेतलं. उरलेली माणसं आधी दबकत बोलायची. सर मान खाली घालून लिहीत राहायचे, आणि हळूहळू पलीकडचं बोलणं वाढायचं. गाडीत बसलेला मी तारखा मोजायचो. चार दिवस उरले, तीन उरले. सर मोजत नव्हते.

शेवटची भट्टी माझी. सर म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही जरा रस्त्यापलीकडं थांबा." माझ्याच भट्टीवरून मला हाकललं. मी हॉटेलाच्या बाकावर बसून चहावर चहा पीत होतो. मधून ट्रक गेला की क्षणभर दिसायचं बंद व्हायचं. नवनाथ उकिडवा बसून बोलत होता. हातवारे करत होता, एकदा तर उठून उभा राहिला. इतकी वर्षं तो माझ्याकडं आहे, 'व्हय मालक' आणि 'न्हाय मालक' याच्या पलीकडं मी त्याच्या तोंडून काही ऐकलेलं नव्हतं. तासभर तो बोलत होता.

प्रबंध शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या बेतात पोचला. नव्वद दिवसांचं प्रकरण त्यांनी टाकून दिलं नव्हतं. ते तसंच ठेवून पुढं लिहिलं होतं, की हे सगळं खोटं आहे, आणि माणसं खोटं का बोलली. कढईपुढं उभं राहणाऱ्याच्या नावाची योजना नाही, म्हणून तो कागदावर गवंडी होतो. मार्गदर्शक चिडले होते म्हणे. काही महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली; ती सगळ्यांना खुली असते, म्हणून मी गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "पहिल्यांदा तुम्हाला फसवलं. दुसऱ्यांदा फसवलं नाही कशावरून?" अक्कानं माझा दंड धरला होता. सर म्हणाले, "खात्री नाही, सर. पहिल्यांदा त्यांना काहीतरी मिळणार होतं. दुसऱ्यांदा काही मिळणार नाही हे सांगून विचारलं. माझ्याकडं एवढंच आहे." परीक्षकांनी पान उलटलं आणि म्हणाले, "पुढं." अर्ध्या तासानं सर डॉक्टर झाले. अक्का रडली. मी पेढे वाटले, माझ्याच खव्याचे.

बांधीव प्रत हातात आल्यावर मी आधी अकरा नंबर काढला. 'मालक तापट. तरीही कामगार टिकून आहेत. कारण दुसरीकडे जायला त्यांना जागा नाही.' मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कच्च्या प्रतीतल्या ओळीशी मला भांडता आलं होतं.

आता सर सणावारालाच येतात. झोळी नसते, ओळखपत्र नसतं, नातवाचे फोटो दाखवतात. मागच्या महिन्यात एकदा दुपारची कढई उतरल्यावर मी चहा सांगितला आणि नवनाथसमोर बसलो. सरांसारखी मान खाली घालून विचारलं, काही अडचण आहे का. तो बाकीच्यांकडं बघून म्हणाला, "न्हाय मालक, समदं ब्येस हाय." चहा संपवून तो लाकडं सारायला उठला. संध्याकाळी मी सरांना फोन केला आणि म्हटलं, एकदा भट्टीवर येऊन जा. ते म्हणाले, "आता कशाला? काम तर संपलं." मी म्हटलं, असंच, माणसांशी बोलून जा. सुट्टी लागली की येतो म्हणाले. कॉलेजला सुट्टी लागून पंधरा दिवस झाले.